सत्तावीस जणांची सहल

सहलीची जागा ओनोरीना आधी दोनदा पाहून यायची. एकदा जून महिन्यात आणि एकदा सहलीच्या आदल्या आठवड्यात, दोन्ही वेळा एकटीच. दुपारी तीन वाजता सावली कुठे सरकते, झरा आटला तर नाही ना, गांधीलमाश्यांनी कुठे घर केलंय का, गुडघे दुखणाऱ्या बायकांना उतार झेपेल का, आणि आडोशाला जायची सोय कुठे आहे, हे सगळं ती डोळ्यांखालून घालायची. मग रविवारच्या प्रार्थनेनंतर चर्चच्या पायऱ्यांवर उभी राहून जाहीर करायची, की या खेपेला जुनी गिरणी, किंवा चेरीची टेकडी, किंवा वरच्या अंगाची गुहा.

फ्रिउलीच्या डोंगरपायथ्याच्या वेलिन्स गावात सहल म्हणजे जवळचीच. घरोघरी दोन-तीन गाई होत्या. सकाळचं दूध सातला आणि संध्याकाळचं सहाला सगळ्या गावाच्या सामायिक डेअरीत पोहोचलंच पाहिजे, हा तिथला नेम होता. लग्न असो, मयत असो, सहा म्हणजे सहा. त्यामुळे या दोन वेळांच्या मध्ये पायी जाऊन, जेवून, थोडं लवंडून परत येता येईल एवढ्याच अंतरावर गावाची मौज असायची. समुद्र सत्तर किलोमीटरवर होता. निम्म्या बायकांनी तो पाहिलेला नव्हता.

ओनोरीना त्या डेअरीतच कामाला होती. चीजच्या तांब्याच्या कढया ढवळायच्या, दुधाचे कॅन घासायचे. दंड पुरुषाला लाजवतील असे झाले होते. नवरा दुइलियो बेल्जियमच्या खाणीतून छाती खराब करून परत आला आणि १९५१ च्या हिवाळ्यात वारला. पुढच्याच उन्हाळ्यात तिने पहिली सहल काढली. गावातले बहुतेक पुरुष तेव्हा परदेशी कामावर असायचे. मागे राहिलेल्या बायका आणि म्हाताऱ्यांना घेऊन ती निघाली, ती दर उन्हाळ्यात चार वेळा निघतच राहिली. निघताना ती एकेकाच्या खांद्याला हात लावून माणसं मोजायची, परतताना तशीच पुन्हा मोजायची. दहा वर्षांत तिचा आकडा कधी चुकला नव्हता. याहून वेगळा अभिमान तिने बाळगला नव्हता.

मग १९६१ साली तिने पंधरा ऑगस्टची सहल आदल्या संध्याकाळी रद्द केली.

पंधरा ऑगस्ट म्हणजे मरियेच्या स्वर्गारोहणाचा सण, चारांतली मोठी सहल. दर वर्षी ती रुगोझा नदीच्या पात्रात व्हायची. उन्हाळ्यात त्या नदीला पाणी असं नसतंच. अर्धा कोस रुंद पांढऱ्या गोट्यांचं पात्र, त्यात चार-पाच बारीक प्रवाह, आणि गावाकडच्या काठाजवळ वाळुंजाच्या झुडपांचं एक उंचवट्याचं बेट. घोटाभर पाण्यातून बाकं-टेबलं तिथे न्यायची, चूल मांडायची. त्या चौदा तारखेला ओनोरीनाला डोंगरामागे काळं दिसलं आणि तिने नको म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी आभाळ निळंशार होतं. दिवसभरात एक थेंब पडला नाही. सगळं गाव सणाच्या दिवशी आपापल्या ओट्यावर माश्या मारत बसलं.

वर्षभर तिला ते ऐकावं लागलं. गावात एकट्या नेस्तोकडे मोटार होती. तो दुधाच्या कॅनची गाडी चालवायचा आणि तोंडाचा फाटका होता. डेअरीत शिरता शिरता तो विचारायचा, "काय मावशी, आज छत्री आणू का चीज न्यायला?"

"छत्री नको, तोंडाला कुलूप आण," ती म्हणायची.

पण जुलैत फादर गल्दीनोंनी तिला चर्चमागच्या खोलीत बोलावून घेतलं, तेव्हा ते हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नाही.

"ओनोरीनाबाई, लोक म्हणतात पुढच्या वर्षीपासून नेस्तोला सांगू. तो बस ठरवेल, लोकांना समुद्रावर नेईल."

"आणि सहाचं दूध?"

"ज्या येणार नाहीत त्या बघतील दूध. तुम्ही या वर्षीची सहल नीट पार पाडा, मग मी त्यांना समजावतो. फक्त एक करा. त्या दिवशी तुमच्या तोंडून ढग, पाऊस, पाणी, यांतलं काही निघता कामा नये. लोकांच्या आनंदावर विरजण नको."

तिने कबूल केलं. सहली गेल्या तर आपल्याकडे कढया आणि कॅन यांखेरीज काही उरणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

त्या वर्षी ऑगस्टचे पहिले चौदा दिवस असह्य उकाडा होता. गाई दूध चोरत होत्या. ओनोरीना नऊ तारखेला नदीचं बेट पाहून आली. प्रवाह नेहमीसारखेच बारीक होते, पण गोटे इतके तापले होते की वहाणेतूनही चटका बसत होता, आणि एरवी पात्रात शेपट्या हलवत फिरणारे धोबी पक्षी कुठेच दिसत नव्हते. ती बेटावर उभी राहून बराच वेळ नदीच्या वरच्या अंगाला पाहत राहिली. पाहण्यासारखं काही नव्हतं. ती परत आली, आणि विचारणाऱ्यांना म्हणाली, "छान आहे जागा. सावली भरपूर."

पंधराला सकाळी साडेनऊला माणसं मोजली गेली. तिला धरून सत्तावीस.

सत्ताविसावं माणूस म्हणून तिने सगळ्यात शेवटी हात लावला तो आपल्या नणंदेच्या खांद्याला. अमाबिले दुइलियोची थोरली बहीण, सहासष्ट वर्षांची, अविवाहित. दुइलियो गेल्यावर दोघी एकाच घरात राहत होत्या आणि अकरा वर्षं एकमेकींना टोचून बोलत होत्या. अमाबिलेचे पाय सुजायचे. जाड मोजे, वर लेसचे उंच बूट, हातात काठी असा तिचा थाट. तिला न्यायला नको, असं दर वर्षी ओनोरीनाच्या मनात यायचं आणि दर वर्षी ती न्यायची.

"वन्सं, जमेल ना चालायला?"

"तुझ्या मक्याच्या पोलेंत्यापेक्षा माझे पाय बरे आहेत. निदान ते गुठळ्या धरत नाहीत."

आभाळात ढगाचा ठिपकाही नव्हता. घोटाभर पाणी ओलांडून सगळे बेटावर गेले. कलिंगडं गार करायला पाण्यात ठेवली आणि वाहून जाऊ नयेत म्हणून भोवती गोटे रचले. नेस्तोने वाइनचा वेताच्या टोपलीतला बुधला सावलीत टेकवला. ओनोरीनाने तीन दगडांवर घरचं मोठं तांब्याचं भांडं चढवलं आणि मक्याचं पीठ वैरून ढवळायला घेतलं. सत्तावीस माणसांचा पोलेंता म्हणजे तासभर हात थांबवायचा नाही. शेजारी बटाटा आणि चीजच्या थापट्या कढईत तांबूस होत होत्या. अमाबिले मोजे काढून प्रवाहाच्या कडेला एका दगडावर बसली आणि तिने पाय पाण्यात सोडले.

साडेअकराच्या सुमाराला ती म्हणाली, "आता कसं गार लागतंय. मघाशी कोमट होतं बाई."

ओनोरीनाचा हात भांड्यातच थांबला. भर उन्हात, दुपार चढत असताना, पाणी गार झालं होतं. ती उठून गेली आणि तिने बोटं बुडवून पाहिली. खरंच गार होतं. आणि जरासं गढूळ, तांदूळ धुतल्यासारखं.

"काय बघतेस?" अमाबिलेने विचारलं.

"काही नाही."

"पोलेंता लागेल खाली."

ती परत येऊन ढवळू लागली. आभाळ तसंच होतं. डोंगरही लख्ख दिसत होते. पण रुगोझाचं पाणी त्या डोंगरांचं नव्हतं. ते त्यांच्यामागच्या दुसऱ्या खोऱ्यातून यायचं आणि तिथे काय चाललंय ते वेलिन्समधून कधीच दिसायचं नाही.

मग घंटा ऐकू आली.

नदीच्या वरच्या अंगाला सात किलोमीटरवर त्रामोत्सा गाव होतं. त्यांच्या चर्चला तीन घंटा होत्या आणि सणाच्या दिवशी गावातले तरणे मनोऱ्यात चढून, लोलक हाताने धरून, ठेक्यात त्या वाजवायचे. त्या भागात याची मोठी हौस. कोणत्या गावचा ठेका सरस, यावरून माणसं हातघाईवर यायची. पंधरा ऑगस्टला तर खोऱ्यातली सगळी गावं दिवसभर वाजत असायची. त्यामुळे बेटावर कोणी मान वर केली नाही.

ओनोरीनाने केली. दुइलियो लग्नाआधी आणि नंतरही घंटा वाजवणाऱ्यांतला होता. जेवणाच्या टेबलावर दोन चमच्यांनी तो खोऱ्यातल्या साऱ्या गावांचे ठेके बडवत बसायचा आणि तिचं डोकं उठायचं. त्रामोत्साचा ठेका तिला झोपेतही ओळखता आला असता: बारीक घंटा दोनदा, मधली एकदा, थांबा, मग मोठी. आत्ता जे येत होतं त्यात बारीक नव्हती, मधली नव्हती. एकटी मोठी घंटा, न थांबता, न मोजता, कोणीतरी जिवाच्या आकांताने बडवत होतं. वारा पडला की ते बुडायचं आणि झुळूक आली की पुन्हा वर यायचं.

ती फादर गल्दीनोंजवळ गेली. ते पत्ते पिसत होते.

"फादर, ऐकताय ना?"

"सण आहे, घंटा वाजणारच."

"एकच वाजतेय. मोठी."

फादरांनी कान दिला. नेस्तो पत्ते हातात धरून म्हणाला, "त्रामोत्साचे लोक अकरालाच पितात, मावशी. तीन घंटा कुठून दिसणार त्यांना? एकच सापडली असेल."

सगळे खळखळून हसले. फादरही हसले, पण मग त्यांनी तिच्याकडे पाहून मान हलवली. बोलायचं नाही असं ठरलंय, एवढंच त्या मानेत होतं.

तिने आणखी दोन शब्द काढले असते तर काय झालं असतं, ते तिला समोर दिसत होतं. छत्रीची थट्टा झाली असती, वाद झाला असता, नेस्तो मुद्दाम बूट काढून पसरला असता. आणि बेटावरून एक माणूस हललं नसतं. ती चुलीपाशी आली. पोलेंता झाला होता, कडा सोडत होता. तिने ॲप्रन हातांभोवती गुंडाळला, भांडं दोन्ही हातांनी उचललं, पोटाशी धरलं आणि काठाच्या दिशेने चालू लागली.

"ए बाई, कुठे निघालीस?" कोणीतरी ओरडलं.

"वर, अक्रोडाखाली. इथे माश्या फार झाल्यात. ज्याला जेवायचंय त्याने यावं."

"आणि टेबलं?"

"ज्याला टेबलावर जेवायचंय त्याने टेबल आणावं!"

बारा वाजत आले होते आणि माणसं पहाटे चारपासून उठलेली होती. शिव्या घालत, कुरकुरत ती उठली. कोणी कढई घेतली, कोणी पाव, कोणी बाकं. "हिचं डोकं फिरलंय" असं म्हणत का होईना, सगळे भांड्यामागे चालू लागले.

वाट अमाबिलेच्या दगडावरूनच जात होती.

"वन्सं, उठा. चला."

"आता? पायांना आत्ता कुठे बरं वाटतंय."

"उठा म्हणते ना!"

"मग हात दे. मला एकटीला उठवतं का?"

ओनोरीना थांबली. भांडं जड होतं आणि ॲप्रनमधूनही भाजत होतं. खाली ठेवलं असतं तर मागचे सगळे तिथेच टेकले असते. "बरं झालं, इथेच वाढ" म्हणून मोकळे झाले असते. तिला ते कळत होतं.

"हात अडकलेत माझे. मोजे चढवा तोवर. हे ठेवते आणि येते."

"ये हो सावकाश. मी कुठे पळून जातेय?" अमाबिले म्हणाली, आणि तिने बाजूला ठेवलेला मोजा उचलला.

ओनोरीनाने प्रवाह ओलांडला. सकाळी घोट्याला लागलेलं पाणी आता पोटरीला लागत होतं. काठ चढून अक्रोडापर्यंत शंभर पावलं होती. तिने भांडं गवतावर ठेवलं आणि मागे वळली. माणसं एकामागून एक वर येत होती. शेवटी नेस्तो बुधला खांद्यावर घेऊन येत होता, मांडीपर्यंत भिजलेला, आणि आता तो हसत नव्हता.

"मावशी, पाणी चढतंय."

"वन्सं कुठेत?"

"मी म्हटलं धरा मला. तर म्हणाल्या, तू तुझा बुधला सांभाळ, ओनोरीना येतेय."

ती धावत सुटली. काठाशी पोहोचेपर्यंत आवाज सुरू झाला होता. पाण्याचा नव्हता तो. दगडांनी भरलेल्या शंभर गाड्या उतारावरून सोडाव्यात, तसा होता. वळणावरून तपकिरी भिंत यावी तसं पाणी आलं, पुढे मुळांसकट झाडं लोटत. ओनोरीना मांडीभर पाण्यात शिरली होती. नेस्तोने तिला मागून कमरेला धरलं. तिने त्याच्या हाताला कडकडून चावा घेतला. त्याने सोडलं नाही.

अमाबिले बेटावर उभी होती. कशीबशी स्वतःच उठली होती. एका पायात मोजा होता, दुसरा उघडा. हातात बूट धरलेले. ती ओरडली नाही. ती काठाकडे पाहत होती, ओनोरीना कुठवर आली ते पाहावं तशी. मग वाळुंजाची झुडपं एकदम आडवी झाली, आणि बेट होतं तिथे पाणी होतं.

दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी चर्चच्या पायऱ्यांवर तिने माणसं मोजली. कोणी सांगितलं नव्हतं, पण ती एकेकाच्या खांद्याला हात लावत गेली आणि सव्वीसवर थांबली. संध्याकाळी सहाला दूध डेअरीत आलं. गाई थांबत नाहीत. बायका कॅन ठेवून परत गेल्या, आणि ओनोरीनाने उभं राहून ते सगळे घासले.

अमाबिले तिसऱ्या दिवशी अकरा किलोमीटर खाली, पुलाच्या खांबाशी सापडली.

पुढच्या रविवारी फादर गल्दीनोंनी वेदीसमोरून सांगितलं, की सव्वीस जीव एका बाईच्या कानामुळे आणि धैर्यामुळे वाचले. आणि आपण स्वतः तिचं तोंड बंद केलं होतं, हेही त्यांनी लपवलं नाही. लोक रडले. नेस्तोने सगळ्यांदेखत तिच्या हातांचं चुंबन घेतलं. ते हात तिने मागे घेतले.

आठवड्याने ती कबुलीजबाबाला गेली.

"मी हात दिला नाही, फादर. तिने मागितला होता."

"तुम्ही भांडं ठेवलं असतं तर सगळेच गेले असते."

"हो. मी ते त्या वेळी मनात मोजलं. तिला मोजून मागे ठेवलं."

फादरांनी तिला पापमुक्ती दिली. तिने ती घेतली, पण गुडघ्यांवरून उठताना ती आली होती तशीच होती.

तिला वाटलं होतं, सहली आता संपल्या. तसं झालं नाही. पुढच्या जूनमध्ये नेस्तोने खरंच बस ठरवली, समुद्रावर जायची. पैसेही गोळा झाले. पण जो तो विचारी, "ओनोरीना येणार आहे का?" ती नाही म्हणाली आणि बस रद्द झाली. मग बायका तिच्या दाराशी आल्या. तू म्हणशील तिथे जाऊ, म्हणाल्या. ज्या गावाने वर्षभर तिच्या ढगाला हसून घेतलं होतं, ते आता गवत कापायच्या आधीही तिला विचारून जाऊ लागलं. "मावशी, आज वाळत घालू का?" तिला काहीही कळत नव्हतं. आभाळातलं तिला कधीच काही कळलं नव्हतं. त्या दिवशी तिने एक घंटा ओळखली होती, तीही मेलेल्या नवऱ्याच्या चमच्यांमुळे. हे ती सांगायची तर लोक म्हणायचे, किती विनय आहे बघा.

त्या वर्षी ती त्यांना जुन्या गिरणीवर घेऊन गेली, कारण तिथला ओढा बुजलेला होता. पुढच्या वर्षी गिरणीचा उतार तिला नको वाटला. मग चेरीची टेकडी झाली. टेकडीवर वीज पडू शकते असं तिच्या मनात आलं, म्हणून त्यानंतर खालचं कुरण. दर उन्हाळ्यात सहल थोडी थोडी घराकडे सरकत होती आणि कोणी त्याला नाव ठेवत नव्हतं. जागा मात्र ती आता दोनदा नव्हे, सहा-सहा वेळा पाहून यायची.

१९६७ च्या पंधरा ऑगस्टला वेलिन्सची सहल डेअरीच्या मागच्या सफरचंदाच्या बागेत झाली. चर्चच्या दारापासून मोजली तर दोनशे वीस पावलं. बावीस माणसं आली, टोपल्या घेऊन, धुतलेले टेबलक्लॉथ घेऊन. बाकं मांडली, ताटं मांडली, आणि मग सगळी आपापल्या जागेपाशी उभी राहिली.

"उभे का?" ओनोरीनाने विचारलं.

"तू सांग," एक म्हातारी म्हणाली. "बसावं ना?"

तिने झाडांकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. कुठे काही नव्हतं. ती म्हणाली, "बसा," आणि सगळे बसले. ती बसली नाही. तिने वाढायलाही घेतलं नाही. ते काम तिने केव्हाच दुसऱ्यांवर सोपवलं होतं. ती बाकांच्या टोकाला, सगळ्यात म्हाताऱ्या बाईच्या पाठीशी, रिकाम्या हातांनी उभी राहिली.

अडीचच्या सुमाराला कुठूनशी वाऱ्याची एक झुळूक आली आणि तिने टेबलक्लॉथची कड उचलली. बोलणं थांबलं. आभाळाकडे कोणी पाहिलं नाही. बावीसच्या बावीस तोंडं वळली ती ओनोरीनाच्या चेहऱ्याकडे, आणि घास हातात धरून ती सगळी वाट पाहू लागली.